गुडघ्याएवढी हवा

डोंगराचं मला विचारू नका.
डोंगर गोमातल्या कुठल्याही गच्चीवरून दिसतो.
रात्री त्याच्या तोंडावरचा ढग तांबडा झाला
की हॉटेलवाले पाहुण्यांच्या खुर्च्या उत्तरेकडे वळवतात.
वेधशाळेत मोठी माणसं त्याच्या पोटातली गुरगुर ऐकत बसतात,
रेडिओवाले त्यांनाच फोन करतात.

माझं काम खालचं.
खड्ड्यांचं.

जुन्या लाव्ह्यात जिथं जिथं जमीन ओंजळ धरते
तिथं पहाटेआधी ते येऊन साचतं.
रंग नाही, वास नाही, पायरव नाही.
आमच्या स्वाहिलीत त्याला माझुकू म्हणतात, म्हणजे वाईट वारा.
वारा असता तर बरं होतं.
वारा सुटला की ते पांगतं;
ते निपचित हवेचंच लेकरू.

मी कडेला उभी राहते
आणि सुतळीला बांधलेलं यंत्र खाली सोडते, विहिरीत कळशी सोडावी तसं.
वीतभर अंतरावर एकेक गाठ.
छातीशी काही नाही.
कमरेशी आकडा कूस बदलतो.
गुडघ्याशी यंत्र असं कोकलतं
की झुडपातला पक्षी उडून जातो,
उंच, तिकडे काही धोका नाही.

म्हणजे उभ्याला माफ.
वाकून रताळी काढणारीला नाही.
शेळीला नाही.
बसून बुटाची नाडी बांधणाऱ्याला नाही.
अहवालात रकाना असतो, मी भरते:
धोका – मध्यम.
कुणाच्या मध्यापर्यंत, ते विचारणारा रकाना नाही.

लाल फळ्याही लावल्या, कवटीच्या चित्राच्या.
तिसरी आठ दिवसांत गेली.
सापडली न्सिमिरेबाईंच्या खुराड्याला, दार म्हणून;
कवटी आतल्या बाजूला, कोंबड्यांकडे तोंड करून.
मी बोलायच्या आत बाई म्हणाल्या,
"खड्डा कुठे आहे ते आम्हाला ठाऊक आहे, काविरा.
फळी कुठे मिळते तेवढं सांग."

आज बालुमे आधीच आलेला.
लाकडी चुकुडू कडेला आडवी, तिच्यावर कोळशाची तीन पोती,
आणि पोत्यांवर त्याची बहीण, नाबिंटू, चार वर्षांची,
मक्याचं कणीस कुरतडत.
रस्त्याने गेलं तर चौकीवर पैसे द्यावे लागतात,
खड्ड्यातून गेलं तर नाही.

त्याने लांब काठीच्या टोकाला चिंधी पेटवली
आणि हळूहळू खाली नेली.
जाळ आधी आखडला,
मग देठापासून तुटल्यासारखा गेला.
काठी त्याने स्वतःच्या पायाशी धरली
आणि नडगीवर कोळशाने रेघ ओढली.
"आज इथवर."

मी यंत्र सोडलं.
माझी रेघ त्याच्या रेघेच्या चार बोटं वर आली.

त्याने माझ्याकडे पाहिलं, जकात वाढवणाऱ्याकडे पाहावं तसं.
म्हटलं, जाळ विझायच्या आधीच डोकं जड होतं, बाळा.
विझण्याच्या जागेवर भरवसा ठेवू नकोस,
चार बोटं वर धर.
तो म्हणाला, "तुझं यंत्र शेवटचं कधी तपासलं?"

दोन वर्षं झाली. सुटे भाग येणार होते.
हे मी त्याला सांगितलं नाही.
वहीतही लिहिलं नाही.

मग त्याने पोत्यांवरून बहिणीला उतरवलं,
कणसासकट खांद्यावर घेतलं, रेघेच्या पुष्कळ वर,
आणि चुकुडू ढकलत खड्ड्यात उतरला,
तोंड मिटून, मान ताठ,
जसं पाण्यातून चालतात.

मी आकडे मोजत होते. म्हणजे त्याची पावलं.
एकतीस.
पलीकडच्या चढावर तो दिसला
तोपर्यंत मीही श्वास घेतला नव्हता,
मी तर वरच उभी होते.

नाबिंटूने कणसाचं बुरकुंड मागे भिरकावलं.
ते खाली कुठे पडलं
त्याचा आवाज आला,
बाकी काही नाही.